तान्ह्या पोळ्यातलं फिटचं सोंग

आमच्या घरी पुस्तकं कमी आणि पत्रकं फार. अमरावतीत सभा कुठलीही असो, बाबा पत्रक घडी करून घरी आणत, आणि मी त्यांवरच वाचायला शिकले. मॅट्रिकच्या वर्षी मी चहासुद्धा हक्क मागावा तसा मागायची, असं आई म्हणे.

धाकटी बहीण तिसरीत होती. तिला फेफरं येई. अकोल्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या आणि बजावलं होतं : फिट आली की कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, वाट पाहा. गल्लीला वाट पाहणंच जमत नसे. पोरगी पडली की चारजण आपापली वहाण तिच्या नाकाशी धरत, आणि ती कोणाच्या वहाणेनं उठली यावर संध्याकाळपर्यंत वाद चाले. शेजारच्या काकूंची वहाण सगळ्यांत जुनी, त्यामुळे मान बहुधा त्यांचाच.

तान्हा पोळा जवळ आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं सोंगं घेऊन, लाकडी बैल ओढत दारोदार जातात आणि बोजारा, म्हणजे खाऊ, गोळा करतात. बहिणीनं बैल रंगवून ठेवला होता.

काकू ओट्यावरून म्हणाल्या, "तिले नोको पाठवू बाई. गर्दीत पडली तं लोक म्हनतीन, लागिर हाये."

आईनं रंगवलेला बैल उचलून फळीवर ठेवला. बहिणीचा बैल यंदा घरीच राहणार, हे मला कळलं आणि मी पेटले. लगेच पत्रक लिहिलं : 'नागरिकहो, वहाणेचे साम्राज्य उलथून टाका!' बहिणीनं ते शेवटपर्यंत वाचलं.

"याच्यात मी कुठी हावो?"

ती त्यात नव्हतीच. मग पत्रक राहिलं आणि सोंग ठरलं. वाघ, सासू-सून ही सोंगं तर दरवर्षीचीच. आमच्या गल्लीची पोरं फिटचं सोंग घेणार होती. एकानं पडायचं, दुसऱ्यानं डोक्याखाली दुपट्टा ठेवायचा, तिसऱ्यानं कुशीवर वळवायचं, बाकीच्यांनी गर्दी हटवायची.

तालमीत पडण्यासाठी मारामारी झाली. बहीण सगळ्यांना शिकवत होती. "तू तं उडी मारून राहिला. मी अशी पडतो काय?" मग ती माझ्याकडे वळली. "ताई, कशी पडतो मी?"

तिनं स्वतःला कधी पाहिलंच नव्हतं.

"कापसाच्या गाठोड्यासारखी," मी म्हणाले.

"मंग बरं."

तालीम पाहून आई नरमली. "जाऊ दे. पन एकदा पडली का सरळ घरी आनजो."

तीन घरं सोंग छान झालं. चौथं घर काकूंचं. तिथं पडायची पाळी शिंप्याच्या पोराची होती. पण तो पडायच्या आधीच बहीण पडली.

"माही पाळी होती," तो चिडला. "हे काहून पडली?"

तोवर तिचे हातपाय ताठ झाले होते. माझ्या लक्षात येईपर्यंत पोरांनी दुपट्टा ठेवला, तिला कुशीवर वळवलं, गर्दी हटवली. काकू मात्र पायरीवर बसून कौतुकानं पाहत राहिल्या. "हे पोट्टी सगळ्यांत बेस करते," त्या म्हणाल्या.

बहिणीनं डोळे उघडले आणि कुठे आहोत ते तिला चटकन कळेना, तेव्हा काकूंना उमगलं. त्या खाली उतरल्या आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं. ती नीट सावध झाल्यावर त्यांनी तिला पाणी पाजलं.

मी बैलाची दोरी उचलली. "चाल, घरी जाऊ."

बहिणीनं बैल घट्ट धरून ठेवला. काकूंनी दोरी माझ्या हातातून काढून घेतली.

"काहून घरी? पडली, उठली. झालं ना आता?"

"आईनं सांगितलं आहे."

"तुह्या मायले मी पाहून घेतो. मी चालतो संग. पडली तं कुशीवर करीन. आताच पाह्यलं ना सारं."

बहिणीला कडेवर घेऊन, दुसऱ्या हातानं बैल ओढत काकू पोरांच्या पुढे निघाल्या. पुढच्या घरी सोंग संपलं, तेव्हा बोजाऱ्यासाठी त्यांनीही पदर पसरला.