नानांकडे जॅझची रेकॉर्ड

आमच्या श्रवण मंडळाचे किस्से कोणी जमवत नाही, ते आपोआप साठतात. तीन मिनिटांची रेकॉर्ड लावली की तिच्यावरून भांडण तासभर! त्यातले ताजे किस्से माझ्या एकाच रेकॉर्डवरचे आहेत, आणि मी अजून धुमसतोय.

रविवारी सकाळी आम्ही निवृत्त मंडळी दादरला नानांकडे जमतो. चावीचा ग्रामोफोन त्यांच्याकडेच आहे. मी चोरबाजारातून अमेरिकन जॅझची एक जुनी रेकॉर्ड आणली. शंभरेक वर्षांपूर्वीची! ट्रम्पेट, क्लॅरिनेट, बँजो, सगळे एकदम सुटतात. दुकानात अर्धीच ऐकली आणि वेडा झालो. ती एकदा पूर्ण ऐकायची, मित्रांसोबत, एवढीच माझी इच्छा.

पहिल्या रविवारी गोखले. हे तबला शिकलेले. सुई टेकताच बोटांवर मात्रा मोजायला लागले. "अहो, सम कुठंय? सगळे एकदम बोलताहेत, एकमेकांचं ऐकतंय कोण?"

हे कोण विचारतंय? ज्याने आजवर कुणाचं वाक्य पुरं होऊ दिलेलं नाही, तो माणूस!

पुढच्या रविवारी लालबागचे सावंत. क्लॅरिनेट सुरू झालं आणि हे उठले, "अरे, ही तर आमची वरात!" म्हणत खोलीभर नाचले. जमीन हादरली, सुई उडाली. शंभर वर्षं टिकलेली रेकॉर्ड यांच्या एका ठेक्यात गेली असती! मी ओरडलो, तर मलाच म्हणतात, "नाचूचा नाय, तर वाजवतत कित्याक?"

मी कपाळावर हात मारला!

देशपांडेंनी तर कहर केला. इकडे रेकॉर्ड चालू, तिकडे यांनी मोबाईलवर तीच लावली. "बघ, खरखर काढलेली आहे. फुकट!" ग्रामोफोन पुढे, मोबाईल मागे, खोलीत दोन-दोन बँड. वर मान डोलावून म्हणतात, "फरक काही नाही हां!"

माझं डोकं सणकलं. मी म्हणालो, "लाज वाटते का? तीन मिनिटं तोंड बंद ठेवता येत नाही!"

मग नानांनी निकाल दिला. "पुरे रे बाबा. पुढच्या रविवारपासून फक्त नाट्यसंगीत. तुझी ही आज शेवटची लाव."

ग्रामोफोन त्यांचा, घर त्यांचं. मी मुकाट्याने चावी भरली.

सुई टेकली तेवढ्यात नानांच्या सौ., आमच्या वहिनी, चहाचा ट्रे घेऊन आल्या. एरवी त्या ट्रे ठेवून आत जातात, पोहे करायला. त्या दिवशी ट्रे ठेवला आणि तिथेच थांबल्या. मग सरळ नानांच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या.

"अगं, पोहे?" नाना म्हणाले.

वहिनींची नजर रेकॉर्डवरून हलली नाही. नानांनी आमच्याकडे पाहिलं, आणि काय करणार, स्वतःच उठून आत गेले. गोखल्यांनी तोंड उघडलं. वहिनींनी नुसतं पाहिलं. गोखल्यांनी तोंड मिटलं! ट्रम्पेट असं चढत गेलं की माझ्या अंगावर काटा आला.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून डबे आपटल्याचा आवाज आणि मागोमाग नाना, "अगं, मीठ कुठे असतं?"

रेकॉर्ड संपली. वहिनी रागाने लाल झाल्या होत्या.

"पहिल्यापासून लावा," मला म्हणाल्या. "यांनी मधेच बोलून घालवलं!"