चिंतामणची दुसरी चावी

आमचे अन्सारचाचा माणसांपेक्षा गाड्यांशी जास्त बोलतात. सातपूरला त्यांचं वायरिंगचं दुकान आहे. चोरी होऊ नये म्हणून गाडीत जो इमोबिलायझरचा डबा असतो, तो जळला की चाचा नवा बसवतात आणि त्याला चाव्यांमधल्या चिपची ओळख करून देतात. आधी खाकरणार, मग लॅपटॉपला दटावणार, "चल बेटा, नाटक नको." गिऱ्हाईक कोणीही असो, पहिलं वाक्य नाकातून आणि ठरलेलं: "सब चाव्या टेबलपे. सगळ्या म्हणजे सगऽऽळ्या. जी राहिली, ती मेली."

सुरगाण्याच्या भागीबाईनं एकच चावी ठेवली. उंदरांनी वायरी कुरतडून डबा जळला होता, जीप बांधून ओढत आणली होती.

"दुसरी?"

"मालकाकडं हाय."

"मग बोलवा मालकाला."

"होळी झाली नि गुजरातला कामाला गेलं. वरीस होऊन गेलं. फोन लागत नाय."

चाचांचा आवाज खाली आला. "चिंतामणभाऊ परत आले, तर त्यांची चावी फिरेल, पण गाडी त्यांना ओळखणार नाही. चालेल?"

नवरा, चिंतामण, गुजरातला गेल्यापासून भागीबाई स्वतः सवाऱ्या नेत होती. जीप सुरू व्हायलाच हवी होती. तरी 'चालेल' न म्हणता ती म्हणाली, "आधी बघा तर खरं."

चाचा आधी चिप नसलेली साधी चावी फिरवून बघतात. तेव्हा नव्या डब्याला काहीच दिसायला नको. त्यांनी फिरवली.

टूं-टिक. पडद्यावर आलं, चावी सापडली.

"कौन है रे?" चाचा पुटपुटले. वायर काढली, परत लावली. टूं-टिक. भागीबाईची चावी तर दहा फूट लांब टेबलावर होती, आणि हा डबा बोटभर अंतरावरचंच ओळखतो.

चाचांनी स्टिअरिंगखालचं झाकण उघडलं. आत जाळी, धूळ, उंदरांच्या लेंड्या. त्यात, चावी फिरते त्या कुलपाला लागून, काळ्या टेपनं चिकटवलेली एक चावी. तिला पोत्याची सुतळी, सुतळीला तीन गाठी. टेपवर धुळीचा कण नव्हता.

"त्यांचीच गाठ," भागीबाई म्हणाली.

"जाताना लावली असेल, बाई."

"नाय. बस हलल्यावर खिडकीतनं दाखवली मला. 'चावी ऱ्हायली माझ्याकडं' म्हनले." ती जीपला टेकली. "तवापासनं दिवसा मीच चालवते, रातीला जीप माझ्या दारातच. तिला हात लागंल इतक्या जवळ मी निजते."

भरदुपारी चाचांनी दुकानातला पंखा बंद केला. का, कोण जाणे.

"दोन्ही वळखी करून द्या," ती म्हणाली.

या वेळी चाचा खाकरले नाहीत. टूं-टिक. टूं-टिक. मग त्यांनी सुतळीची चावी पुढं केली. तिनं हात मागं घेतला.

"व्हती तिथंच ठेवा."

"अरे, हिची चिप तिथंच राहिली, तर साध्या चावीनं कोणीपण गाडी नेईल!"

"नेऊ द्या की. न्यायला यावं तर लागंल."

चाचांनी नव्या रिळाची टेप फाडायला घेतली.

"नवी नको, चाचा. तीच लावा."

ती टेप अजून चिकटत होती.