नारपोली ते जयगड, व्हाया झोप

नोकरी संपली की लोकांना बीपी होतं, साखर होते. आमच्या ह्यांना होडी झाली. मांडव्याला ओळखीतल्या एकाची जुनी शिडाची होडी विकायची होती. ती घेण्यासाठी नारपोलीचं आमचं घर विकायचं आणि उरलेलं आयुष्य पाण्यावर काढायचं, असा ह्यांचा बेत. हे भूगोलाचे मास्तर, त्यामुळे अख्खा अरबी समुद्र सासुरवाडीचा असल्यासारखे बोलतात.

मी पैज लावली. आधी होडी थोडे दिवस मागून घेऊ, राहून बघू. मला तिथं एकदा जरी धड झोप लागली, तर घर विका!

मी निर्धास्त होते. आमच्या उशाच्या भिंतीपलीकडे इक्बालभाईंचा कापडाचा कारखाना, त्यातले लूम दिवसरात्र खटक-खटक. माहेरही नारपोलीतच, तिथंही तेच. पाहुणे आमच्याकडे डोकं धरून बसतात. आम्ही मात्र लाइट जाऊन लूम थांबले की दचकून जागे होतो. हनिमूनला महाबळेश्वरात मी रात्रभर जागी होते, शांततेमुळे. ह्यांचा वेगळाच गैरसमज झाला होता.

टेम्पोत सामान चढवताना इक्बालभाई बाहेर आले. "भाभी, जल्दी आना. भंगारवाला रोज लूम का भाव पूछके जाता है."

"येतोच हो. लूम चालू ठेवा," मी म्हटलं.

वडखळला नेहमीप्रमाणे गाडी अडकली. मांडव्याला होडी बघितली आणि मनात म्हटलं, आमची मोरी याहून मोठी आहे. जायचा विचार असेल तर ऐका: काचेच्या बरण्या घरी ठेवा. भांडी खाऱ्या पाण्यानं घासा, शेवटचा हात तेवढा गोड्या पाण्याचा. संडासला हातपंप मारावा लागतो, त्यामुळे पोट साफ होतं आणि दंडही भरतात. थंडीतच जा. दुपारी वायव्येचा वारा पाठीवर मिळतो, होडी आपसूक दक्षिणेला पळते. येताना मात्र तोच वारा तोंडावर. आम्ही इंजिन लावून डिझेल जाळत आलो आणि सगळ्यात जास्त खर्च तिथंच झाला.

मुरूडला झोप नाही, दिघीच्या खाडीत नाही. पाणी चुळुकचुळुक करायचं आणि मी टक्क जागी. पैज जिंकत होते, पण जीव मेटाकुटीला आला होता. दाभोळला बांगडे घेताना कोळीण माझं तोंड बघून म्हणाली, "बाय, डोळं लाल झालंत. पिऊन आलीस काय?"

"नाय गं, नवरा होडी घेतोय."

"मंग पी," ती म्हणाली आणि एक बांगडा वरचा टाकला.

जयगडच्या खाडीत दुपारी नांगर टाकला. बांगड्याचं कालवण आणि भात खाऊन मी नुसती आडवी झाले. वारा वाढला. पुढचं काही आठवत नाही. एकदम दचकून उठले आणि ओरडले, "अहो, लाइट गेली! लूम बंद पडले!"

हे वर डोलकाठीपाशी दोरी धरून उभे. "शीड चढवायची दोरी वाऱ्यानं काठीवर आपटत होती. खटक-खटक. तुझी झोप मोडेल म्हणून आत्ता बांधली."

"मी झोपले होते?"

"घोरत होतीस."

मला रडूच आलं. पैज हरले याचं नाही. घर जाणार म्हणून. ह्यांनी बांधलेली दोरी सोडली, आपल्या कानात कापूस घातला आणि माझ्याशेजारी तळमळत पडले. परतीच्या वाटेवर रोज हेच. घराचा विषय त्यांनीही काढला नाही, मीही नाही.

मांडव्याला होडी परत केली आणि भर दुपारी नारपोलीला पोचलो. मी पिशव्या टाकल्या आणि भिंतीकडे उशी करून आडवी झाले. आवाज नाही. वाटलं, लाइट गेली असेल. पण वर पंखा फिरत होता.

गॅलरीत गेले. खाली कारखान्याचं दार सताड उघडं, आत जमिनीवर तेलाचे काळे डाग आणि मधोमध प्लास्टिकच्या खुर्चीत इक्बालभाई.

"भाव अच्छा मिला, भाभी," ते म्हणाले.

मी परत येऊन पडले. डोळ्यांतून पाणी थांबेना. थोड्या वेळानं कपाटावर खटक-खटक आवाज सुरू झाला. हे चमचा घेऊन उभे होते.

"झोप," म्हणाले.

"हात दुखेल तुमचा." मी कूस वळवली. "मांडव्याला होडीसाठी फोन करा. आणि ती दोरी बांधायची नाही, आत्ताच सांगून ठेवते."