खिडकीचं बटण, एक, दोन, तीन

नव्या कॉम्प्युटरची पूजा होती तेव्हा शेठ म्हणाले, "वहिनी, तुम्हीच लावा कुंकू. तुम्हालाच बसायचं ना यावर." मी स्क्रीनच्या कोपऱ्याला बोट टेकवलं, कीबोर्डच्या कडेला लावलं. माउस उचलून उलटा केला तर त्याच्या पोटाशी लाल दिवा. मला वाटलं, याचा जीव इथेच असणार. ओलं कुंकू नेमकं त्या दिव्यावर लावलं आणि हात जोडले.

ही गोष्ट कुंभार पिंपळगावजवळच्या जिनिंगमधली, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यातली, कापूस जोरात यायला लागला तेव्हाची. मी रत्नागिरीकडची. शाळा आठवीत सुटली. नवरा इथे मशिनींवर फिटर म्हणून लागला, त्याच्यामागे आले आणि दोन हंगाम आवारात सांडलेला कापूस गोळा करत राहिले. वजनकाट्यावरची मुलगी लग्न होऊन गेली तेव्हा मुनीमजींनी माझं नाव सुचवलं. त्या म्हाताऱ्या माणसाला माझ्यात काय दिसलं, देव जाणे. पूजेच्या सकाळी शेठ म्हणाले, "आजचा दिवस बघतो. गाड्या खोळंबल्या तर सोमवारी जालन्याहून माणूस बोलावतो." म्हणजे मी परत झाडू घेऊन आवारात.

मुनीमजींनी आदल्या दिवशी दुपारी शिकवलं होतं. "इंग्रजी वाचत बसू नका. डावीकडं खाली चार चौकटींचं बटण हाय, ते खिडकीचं. ते दाबून धरा अन् एक दाबा, काटा उघडतो. दोन, कॅमेरा. तीन, व्हॉट्सॲप. स्क्रीनच्या खालच्या पट्टीवर चित्रं ज्या ओळीनं, तेच नंबर. टॅबनं पुढचा रकाना, कंट्रोल अन् पी दाबलं की पावती." मी दाबलं आणि वजनाचे हिरवे आकडे समोर हजर! जुन्या कॉम्प्युटरवर काटा उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा, असं मुनीमजी सांगत होते. शाळेत मला एकही उत्तर इतक्या लवकर आलं नव्हतं. दुपारभर नुसतं एक, दोन, तीन, परत एक, असा खेळ केला. झोपतानाही बोटं हलत होती.

आणि आता पूजा झाल्यावर माउसचा बाण जागचा हलेना. पदरानं पुसलं तर कुंकू अजूनच आत गेलं. बाहेर नऊ ट्रॉल्या उभ्या.

"ओ वहिनी," पहिला ट्रॅक्टरवाला ओरडला, "पूजा झाली का न्हाई? का परसादासाठी थांबवून राह्यले आम्हाला?"

मागून कुणीतरी म्हणालं, "आज घरी जात न्हाई रे आपण. जेवण मागवा!"

माउस उलटा करून बाजूला कागदावर ठेवला. खिडकी, एक. आकडे आले. टॅब दाबत पुढच्या रकान्यात गेले, गाडीचा नंबर टाकला, एंटर. खिडकी, दोन. ट्रॉलीची मागची पाटी कॅमेऱ्यात दिसली, फोटो निघाला. परत खिडकी, एक, आणि कंट्रोल दाबून पी. प्रिंटर करकरला, पावती बाहेर! मला ओरडावंसं वाटलं. ओरडले नाही, नुसतं म्हटलं, "पुढची घ्या."

तिसऱ्या गाडीला घाईत एकचं बटण दोन वेळा दाबलं गेलं आणि काटाच गायब झाला. गेलं सगळं, आता जालन्याचा माणूस आलाच. भीत भीत पुन्हा एक दाबलं, तर आकडे परत जागेवर. मग मात्र भीती पळाली. बोटं आपोआप जात होती. मागून जेवण मागवायला सांगणारा ट्रॅक्टरवाला पावती हातात घेताना म्हणाला, "अर्रे, म्या खाली उतरायच्या आत?"

दुपारी आवार रिकामं झालं. शेठ आत आले. कागदावर उलटा पडलेला माउस बघून म्हणाले, "हे असं का?"

लपवून काय करणार? "शेठ, कुंकू मीच त्याच्या दिव्यावर लावलं. सकाळपासून बंद आहे तो."

"बंद? मंग एवढ्या गाड्या कशानं काढल्या?"

मागे मुनीमजी हसू दाबत उभे होते. मी कीबोर्डकडे बोट दाखवलं. शेठनी तिथंच फोन लावला, "जालन्याच्या त्या पोऱ्याला सांगा, येऊ नको. आमचं काम झालं." डोळे भरून आले, मी मुनीमजींकडे पाहिलंच नाही.

फोन ठेवून शेठ म्हणाले, "सरका जरा, मला दाखवा." माझ्याच खुर्चीत बसून त्यांनी एका बोटानं खिडकी धरली, दुसऱ्यानं दोन दाबला. कॅमेरा उघडला तसे ते लहान मुलासारखे हसले. "बिलकुल जल्दी हाय हे! अन् तीन?" एक झालं, तीन झालं, परत दोन. बाहेर ट्रॉलीचा हॉर्न वाजला तरी त्यांचं चालूच.

शेवटी मीच म्हटलं, "शेठ, उठा. गाडी आली."