वाक्याआधीची उसंत

ऑफिसात तिला सगळे जपूनताई म्हणत. कोणी कोडला हात लावला की हिचं ‘जपून रे’ सुरू. स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारं तिचं सॉफ्टवेअर कितीतरी अंध माणसं वापरत, आणि त्यातला एक तिचा सख्खा दादा होता. तो इस्पितळाच्या टेलिफोनवर बसायचा. एका कानात स्क्रीनचा आवाज, दुसऱ्या कानात पेशंटचे नातेवाईक.

त्या दिवशी सकाळी तिने नवा इंटरफेस, म्हणजे इतर प्रोग्रामना मजकूर वाचून घ्यायची नवी सोय, खुला केला. त्यात आवाज निवडता येणार होता, वेगही. वर ठळक लिहिलं होतं, ‘प्रायोगिक, हवा त्यानेच वापरावा’. दादाच्या इस्पितळात होते तसले जुने प्रोग्राम आहेत तसेच चालतील, असा शब्दही तिने दिला होता. मात्र एकच काम दोन ठिकाणी कशाला, म्हणून जुना प्रोग्राम काही वाचून मागायला आला की आतल्या आत नव्याकडेच पाठवायची सोय केली. सगळ्या चाचण्या पास झाल्या.

दुपारी दादाचा फोन आला.

“माझंच काहीतरी बिघडलंय गं. सकाळपासून लोकांना भलतेच वॉर्ड सांगतोय. साहेब म्हणाले, जमत नसेल तर दुसरा माणूस बघतो.”

“मशीन काय वाचतंय, दादा?”

“ते बरोबर वाचतंय. मीच गोंधळतोय. वय झालं असेल.”

तिने जुना आणि नवा आवाज एकापाठोपाठ लावून ऐकले. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक वाक्याआधी जराशी उसंत पडायची. तिच्याच आळशी कोडचा तो दोष, तिला त्याची लाज वाटायची. नव्यात तो नव्हता. त्या उसंतीत दादा समोरच्याशी बोलून घ्यायचा, आणि हे त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं. आता दोन्ही कान एकदमच बोलू लागले होते. चाचण्यांनी शब्द तपासले. मधली शांतता तपासायचं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

तिने जुन्या प्रोग्रामचा रस्ता पूर्वीसारखा वेगळा केला, उसंतीच्या दोषासकट.

“ताई, ती उसंत चूक होती ना?” शेजारच्या टेबलावरच्याने विचारलं.

“होती. आता लोकांचं पोट आहे तिच्यावर.”

बदल तिकडे पोहोचेपर्यंत तिला बसवेना. शेवटी तिने इस्पितळात फोन लावला.

“जमतंय बघ आता,” दादा म्हणाला. “सकाळी माझं लक्षच नव्हतं. आता साहेबांची माफी मागून येतो.”

“थांब,” ती म्हणाली. “फोन साहेबांना दे. माफी मला मागायची आहे.”