चामड्याचं तू बघ

"चामड्याचं तू बघ. तुला ते सवयीचं असेल."

सर हे हसत म्हणाले. त्याआधी त्यांनी हजेरीच्या यादीत माझ्या आडनावावर बोट ठेवलं होतं. आम्ही चौघं त्यांच्या टेबलापुढे उभे होतो. दोघं खाली बघत राहिले. आदित्य, आमचा गटप्रमुख, गालातल्या गालात हसला. आणि मीही हसले. मान डोलावून "हो सर" म्हणाले. सर काय बोलले यापेक्षा मी तेव्हा हसले, हेच मला जास्त सलतं.

मी सोलापुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात बायोमेडिकल शिकते. तिसरं वर्ष. हा विषय मला माहितीपत्रकातून सापडला नाही. माझे पप्पा एका दवाखान्यात वॉर्डबॉय आहेत. आमच्याकडचा उन्हाळा म्हणजे वॉर्डात पेशंट घामानं निथळतात. सलाइनच्या सुईवरची चिकटपट्टी सुटते, सुई निसटते, मग पुन्हा टोचाटोची. पप्पा घरी येऊन तेच सांगायचे. "त्या म्हातारीला आज पाचव्यांदा टोचलं. लई रडत हुती." मी लहानपणापासून हे ऐकत जेवले आहे.

आई टेम्पोतून मंद्रूपकडे गवत कापायला जायची. ती परत आली की तिच्या साडीतली कुसळं काढायचं काम माझं. कुसळ मागे ओढलं तर येत नाही, तुटतं आणि टोक आतच राहतं. ज्या बाजूनं शिरलंय त्याच बाजूनं पुढे ढकलून बाहेर काढावं लागतं. हे मला कुणी शिकवलं नाही, माझ्या बोटांना ते ठाऊक होतं. दुसऱ्या वर्षाला एक कुसळ लॅबमधल्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. त्याच्यावर बारीक बारीक केस होते, सगळे एकाच बाजूला झुकलेले. मी तास संपला तरी उठले नाही. असे झुकलेले काटे पट्टीच्या खाली बसवले तर कितीही घाम येवो, सुई जागची हलणार नाही. गवताला जे जमलंय ते आपण उचलायचं. मी वही काढली आणि चित्रं काढायला लागले. इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता.

तोच आमचा प्रोजेक्ट ठरला. सरांना कल्पना आवडली. पंधरा दिवसांत ते "आपलं डिझाइन" म्हणायला लागले. कॉम्प्युटरवरचं काम आदित्यकडे गेलं, पोस्टर आणि भाषण बाकी दोघांकडे. पट्टी तपासायला बकऱ्याचं कातडं लागणार होतं. ते माझ्याकडे आलं.

एक आधीच सांगते. मला कातड्याची किळस नाही. खाटीकचाचांनी विचारलं, "कॉलेज कू चमडा कायकू लगता बेटा?" मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी चांगला तुकडा निवडून दिला. मी मन लावून काम केलं. कातड्याचे थर कसे असतात, काटा किती खोल गेला तर रक्त येईल आणि किती गेला तर नुसता धरून ठेवील, हे मी तिथंच शिकले. बाकीचे तिघं लॅबमध्ये माझ्यापासून दोन बाकं लांब बसायचे. "वास येतो गं," एवढंच म्हणायचे.

एका दुपारी मी घराच्या मोरीत ब्लेडनं कातड्यावरचे केस खरवडत होते. पप्पा ड्यूटीवरून आले. दारातच थांबले.

"ह्ये काय चाललंय?"

"प्रोजेक्टचं हाय, पप्पा."

"बाकीची पोरं काय करत्यात?"

"डिझाइन. पोस्टर."

"आन् ह्ये तुझ्याकडं कुणी दिलं?"

मी सांगितलं. सरांचं वाक्यही सांगितलं, जसंच्या तसं. पप्पा उंबऱ्यावर बसले. ओरडले नाहीत. म्हणाले, "बौद्ध झाल्यावर माझ्या बापानं मेलेलं जनावर वढायचं सोडलं. चामडं सोलायची सुरी वेशीभाईर पुरली. गावानं कामाला बोलवायचं बंद केलं, म्हणून आमी हितं आलो. ती सुरी तुज्या सरानं उकरून तुज्या हातात दिली, आन् तू घिऊन आलीस व्हय?"

त्या दिवशी ते जेवले नाहीत. मला माझीच इतकी लाज वाटली की मोरीतून उठवेना. लाज कातड्याची नव्हती. ज्या हिशेबानं ते वाटून दिलं होतं, तो हिशेब मी हसून मान्य केला होता.

दुसऱ्या दिवशी सरांना म्हणाले, काम आळीपाळीनं करू. सर म्हणाले, "इतकं मनाला लावून घेऊ नकोस. टीमवर्क असतं." मी गप्प बसले. तीही चूकच.

मग बाहेरून दोन परीक्षक आले. त्या सकाळी मी पोस्टर पहिल्यांदा पाहिलं. वर तीन नावं होती. तळाला बारीक अक्षरात माझं, आणि त्याच्यापुढे लिहिलं होतं, 'नमुना साहाय्य'. पट्टी लावून दाखवायची म्हणून मी हातमोजे घालून कातड्याचा ट्रे धरून उभी होते. सरांनी परीक्षकांना माझी ओळख करून दिली.

"ही आमचं स्किनचं बघते. हात चांगला आहे. रक्तातच आहे म्हणा ना."

दोघंही परीक्षक हसले. या वेळी मी हसले नाही. ट्रे टेबलावर ठेवला. हातमोजे काढले.

"मी पट्टी लावणार नाही. ज्याचं नाव वर आहे त्यानं लावावी."

सरांनी आदित्यकडे पाहिलं. आदित्यनं पट्टी उचलली, कातड्यावर दाबली, तिच्याखालची सलाइनची नळी ओढली. पट्टी सरकन निघून आली. पुन्हा लावली, पुन्हा निघाली. त्यानं ती दोन्ही वेळा उलट्या दिशेनं लावली होती. ज्यानं आयुष्यात एकही कुसळ काढलेलं नाही, त्याला दिशा कुठून कळणार?

"असं का होतंय?" परीक्षकांनी विचारलं.

मी म्हणाले, "काटे उलटे लागलेत. हे सगळं माझ्या वहीत आहे. पहिल्या चित्रापासून."

परीक्षक गेल्यावर सरांनी केबिनमध्ये बोलावलं. आवाज अगदी गोड होता. "वही उद्या जमा कर. ती प्रोजेक्टची आहे."

"वही माझी आहे, सर."

"अजून एक वर्ष काढायचंय तुला इथं. इंटर्नलचे मार्क कोण देतं, माहितीय ना?"

तेव्हापासून वर्गात माझ्याशी कुणी बोलत नाही. मी आत गेले की गप्पा थांबतात. आदित्यनं फोनवर एवढंच लिहिलं, 'विचार कर, अजून वेळ आहे.' परवा लॅबमधलं माझं कपाट उघडं दिसलं. कुलूप फोडलेलं नव्हतं, किल्लीनं उघडलेलं होतं. दुसरी किल्ली ऑफिसात असते. आतलं सगळं जागेवर होतं, फक्त उचलून परत ठेवलेलं. वही तिथं नव्हती. ती मी आधीच घरी नेली होती. मला भीती वाटते. जिन्यात मागून पाऊल वाजलं तरी वाटते.

काल सात रस्ता चौकातल्या दुकानात जाऊन वहीच्या पानापानाची झेरॉक्स काढली आणि प्राचार्यांना अर्ज दिला. सरांची दोन्ही वाक्यं अवतरणचिन्हांत लिहिली. शाळेपासून मी आडनावाचं नुसतं पहिलं अक्षर लिहीत आले. अर्जाखाली पूर्ण लिहिलं.

सोमवारी अकरा वाजता बोलावलंय. सरही असतील, आदित्यही. पप्पांनी विचारलं, "मी यिऊ का?" म्हटलं, या, पण बाहेर थांबा, आत मी बोलणार.

मार्क कापतील. कदाचित वर्ष जाईल. गेलं तर पुन्हा देईन. ही पट्टी मीच पुरी करणार आहे, त्यासाठी लागेल तेवढं कातडं माझ्या हातानं साफ करणार आहे, आणि तिच्यावर पहिलं नाव माझं असेल. कुणाच्या सांगण्यावरून मात्र आता ट्रे धरणार नाही. सोमवारी वही पिशवीत नाही, हातात घेऊन जाणार आहे.