क्रॅकवरची कागदाची पट्टी

२०१८च्या दिवाळीनंतर डहाणू आणि तलासरी तालुक्यांत जमीन हादरू लागली आणि माझ्या बातम्यांत एक शब्द रोज येऊ लागला. घराला क्रॅक, शाळेला क्रॅक, पाण्याच्या टाकीला क्रॅक. मी डहाणूहून बातम्या पाठवायचो. मुंबईच्या डेस्कवर हा शब्द चालत नसे. फोन यायचा, "तडा लिहायचं की भेग?" मी स्वतःपुरतं ठरवून घेतलं होतं: जमिनीला भेग, भिंतीला तडा, लाकडाला चीर, दाराला फट. झाईकडचा एक गवंडी या सगळ्यांना तिराड म्हणायचा. तलासरीला हायवेलगत एका क्लासचा फलक होता, 'पहिल्याच प्रयत्नात परीक्षा क्रॅक करा'. त्याच्या सावलीत उभे असलेले रिक्षावाले एकमेकांना "क्रॅक आहेस का?" असं विचारायचे. घराबद्दल बोलताना मात्र लोक क्रॅकच म्हणत. तडा म्हटलं की घर गेल्यासारखं वाटतं, असं एका बाईने मला सांगितलं होतं.

माझी थोरली बहीण तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावर अंगणवाडी सेविका होती. अंगणवाडी म्हणजे विटांची एक खोली, वर स्लॅब, आत एका कोपऱ्यात चूल. दाराच्या चौकटीपासून निघालेली बारीक रेघ तिरकी वर चढून स्लॅबला भिडली होती. इंजिनिअर येऊन पाहून गेले. "हेअरलाइन आहे," ते म्हणाले. "वर कागदाची पट्टी चिकटवा. पट्टी फाटली तर क्रॅक वाढतोय, मला फोन करा. नाही फाटली तर बसवा मुलांना."

अंगणवाडी बंद ठेवणं तिला शक्य नव्हतं. पाड्यावरचे आईबाप सकाळीच टेम्पोत बसून गुजरातच्या हद्दीत मजुरीला जात आणि मुलं तिच्या भरवशावर असत. बाहेर बसवावं तर समोरच कच्चा रस्ता, त्यावरून खडीचे डंपर. त्यामुळे सगळी भिस्त त्या पट्टीवर होती. प्रत्येक हादऱ्यानंतर ती मला फोन करायची. "पट्टी शाबूत आहे," एवढंच सांगायची. मी बरं म्हणायचो आणि पुढच्या हादऱ्याची वाट पाहत बसायचो. फोन यायला उशीर झाला की दुसरं काम सुचत नसे.

त्या भागातल्या एका बातमीसाठी गेलो असताना सकाळी मी तिच्याकडे डोकावलो. मुलं गाणं म्हणत होती. चुलीवर खिचडी शिजत होती. मदतनीस मावशींनी मला पाहिलं.

"या पेपरवाले भाऊ! आज आमची बातमी का? फोटो काढा, पण चुलीचा नको. काळी झालीय."

"मावशी, त्याला आधी पाणी द्या," बहीण म्हणाली.

"पाणी देते. पण फोटो पहिल्या पानावर पाहिजे."

मी दाराजवळ जाऊन पट्टी पाहिली. कुठेही फाटली नव्हती. तिच्या कडेने लाल मुंग्यांची रांग चालली होती. मी बोट लावलं तर खालचं टोक कॅलेंडरच्या पानासारखं उचललं गेलं. पट्टी फक्त वरच्या टोकाने लटकत होती.

"ताई, ही कशाने चिकटवलीस?"

"शितांनी. पाकिटं चिकटवतो तशीच. इथे डिंक कुठून आणू?"

मुंग्यांनी भात खाऊन टाकला होता. भिंत कितीही उघडली असती तरी तो कागद फाटणार नव्हता. मी पट्टी वर उचलून धरली. माझ्या ओळखपत्राची कड त्या हेअरलाइनमध्ये सहज आत गेली.

बहिणीने ते पाहिलं. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. "चला रे, पाट्या घ्या," ती मुलांना म्हणाली. "आज मोहाखाली बसायचं." गाणं न थांबवताच तिने सगळ्यांना बाहेर नेलं. रस्त्याच्या बाजूला मावशी पाय पसरून बसल्या, म्हणजे कुणी तिकडे पळू नये.

तेवढ्यात मावशींना आठवलं. "अगो बाई, खिचडी!"

"तुम्ही उठू नका. मी आणते."

"मी जातो," मी म्हणालो.

"तुला सांडशी सापडायची नाही," असं म्हणून ती आत गेली.

मी दारासमोर उभा राहिलो. आतून झाकणाचा आवाज आला, मग काहीच नाही. रस्त्यावरून डंपर गेला. पायाखालची जमीन थरथरली. ती डंपरने की आणखी कशाने, हे मला कळेना. मुलं डंपरकडे बघून हात हलवत होती. मी तिला हाक मारली.

ती पातेलं घेऊन बाहेर आली. झाडाखाली ते ठेवलं, परत जाऊन दाराला कुलूप घातलं आणि इंजिनिअरना फोन लावला.

"साहेब, पट्टी फाटली नाही. ती निघालीय. मी मुलांना बाहेर काढलंय."

पलीकडून बराच वेळ कुणीतरी बोलत होतं. ती फोन खांद्याने कानाशी धरून ताटल्यांत खिचडी वाढत होती.

"तुम्ही येऊन बघा," ती शेवटी म्हणाली. "तोवर कुलूप निघणार नाही."

एका मुलीने विचारलं, "बाई, आत कधी जायचं?"

"आधी जेव," ती म्हणाली. पुढचा डाव तिने ताटलीबाहेरच वाढला. मावशींनी तो तिच्या हातातून काढून घेतला आणि पुढच्या ताटलीत वाढायला लागल्या.